एऑर्टिक झडप अरुंद झाली की हृदयात काय बदलतं? इको शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीनं

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकायला लागलेल्यांचे सुरुवातीचे रिपोर्ट मी रोज वाचते. एऑर्टिक स्टेनोसिसचा, म्हणजे ही झडप अरुंद झालेला, रुग्ण आला की झडपेवरचा ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) लिहिलेला असतो, 'सिव्हिअर' असा शेरा असतो, आणि बहुतेक वेळा रिपोर्ट तिथंच संपतो. झडप किती अरुंद आहे ते कळतं. पण त्या अरुंद दारातून वर्षानुवर्षं रक्त ढकलणाऱ्या हृदयाची काय अवस्था झाली आहे, ते कागदावर येतच नाही. रुग्णाचं पुढं कसं जाईल, हे मात्र बरंचसं त्यावरच अवलंबून असतं.

म्हणून हा लेख. नुकताच प्रोब हातात घेतलेल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि टेक्निशियनसाठी. झडपेपासून सुरुवात करायची आणि तिथून उलट्या दिशेनं मागं मागं जायचं: डावा खालचा कप्पा म्हणजे एलव्ही, मग डावा वरचा कप्पा म्हणजे एलए, मग फुप्फुसांतला दाब आणि शेवटी उजवी बाजू. दाबाचा भार याच वाटेनं मागं सरकतो, त्यामुळे हा क्रम लक्षात ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

प्रोबला जेल लावण्याआधी

उंची, वजन आणि रक्तदाब. ही तीन नोंदी नसतील तर तपासणी सुरू करू नका. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ निघतं आणि पुढचे निम्मे आकडे त्यानं भागायचे असतात. रक्तदाब तर त्याच वेळी, त्याच टेबलावर मोजलेला हवा. वरचा दाब १३० असेल आणि झडप ओलांडताना सुमारे ५० मिमी खर्ची पडत असतील, तर एलव्हीला आत १८० च्या आसपास दाब तयार करावा लागतो. त्याच रुग्णाचा रक्तदाब १८० असेल तर एलव्हीवर दुहेरी ओझं आहे, झडपेचंही आणि धमन्यांचंही. अशा वेळी पुढं जाणारं रक्त कमी होऊन ग्रेडियंट खोटाच कमी दिसू शकतो. रक्तदाब आटोक्यात आणून पुन्हा मोजा.

दम लागतो का, चालताना छातीत दुखतं का, कधी चक्कर येऊन पडलात का, हेही विचारा. "नाही" असं उत्तर आलं तर "सहा महिन्यांपूर्वी जेवढं चालत होता तेवढं आजही चालता का?" असं विचारून बघा. पुष्कळ जण दम लागू नये म्हणून नकळत चालणंच कमी करतात आणि त्रास नाही म्हणून सांगतात.

झडप डोळ्यांनी बघा

पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये (उरोस्थीच्या कडेवरून दिसणाऱ्या हृदयाच्या लांबट छेदात) पाकळ्या किती उघडतात आणि चुना किती साठला आहे ते पाहा. मग शॉर्ट ॲक्सिसमध्ये (आडव्या छेदात) पाकळ्या मोजा, पण झडप उघडी असताना. मिटलेल्या झडपेत दोन पाकळ्या जोडणारी शिवण तिसऱ्या पाकळीच्या कडेसारखी दिसते आणि दोन पाकळ्यांची झडप तीन पाकळ्यांची म्हणून लिहिली जाते. जन्मतः दोन पाकळ्यांची झडप शंभरातल्या एक-दोन लोकांमध्ये असते, म्हणजे ती तुमच्यासमोर येणारच. ती सापडली तर महाधमनीचं मूळ आणि वर चढणारा भाग मोजल्याशिवाय तपासणी संपवू नका. पाकळ्या कडांपाशी चिकटलेल्या असतील आणि मायट्रल झडपही (एलए आणि एलव्हीमधली) जाड असेल, तर संधिवाताच्या तापाचा विचार करा.

वेग: सगळ्यात जास्त धीर इथं लागतो

सत्तरच्या दशकात नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला लीव्ह हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉप्लरवरून (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजून) झडपेवरचा दाब काढून दाखवला. त्याआधी तो मोजायला हृदयात नळी घालावी लागायची. सूत्र अगदी साधं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ४. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर सर्वोच्च ग्रेडियंट ६४ मिमी.

पण सूत्रात वेगाचा वर्ग आहे, म्हणून वेगातली लहान चूकही मोठी होते. डॉप्लरचा किरण रक्ताच्या धारेला समांतर नसेल तर वेग नेहमी कमीच मोजला जातो. ३० अंशांचा कोन पडला तर खरा ४.६ चा वेग ४.० दिसतो आणि ८५ चा ग्रेडियंट ६४ वर येतो. धार कुठल्या दिशेनं फवारते हे टूडी चित्रावरून नीट कळत नाही. म्हणून एकाच खिडकीवर विसंबायचं नाही. एपेक्स (हृदयाचं टोक), उजवीकडची पॅरास्टर्नल, गळ्याच्या खाचेतली, बरगड्यांच्या खालची, सगळ्या जागा बघायच्या.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतल्या एक आजी मला अजून आठवतात. एपेक्सवरून वेग मिळाला ३.४. मी 'मॉडरेट' लिहून मोकळी झाले होते. माझ्या वरिष्ठांनी आजींना उजव्या कुशीवर वळवलं, इमेज न दाखवणारा पेन्सिलसारखा छोटा प्रोब घेतला आणि उरोस्थीच्या उजव्या कडेला दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे टेकवला. पडद्यावर काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. प्रोब किंचित झुकवत गेल्यावर आवाज घोगऱ्याचा स्वच्छ शिट्टीसारखा झाला आणि आलेख ४.६ वर गेला. आजी त्याच, झडप तीच, दोन मोजण्यांत दहा मिनिटांचंही अंतर नव्हतं. त्या दिवसापासून उजवी बाजू न बघता मी एकही स्टेनोसिसचा रिपोर्ट सही केलेला नाही. पेन्सिल प्रोबचा कंटाळा येतो, चित्र नसल्यानं हात चाचपडतो, पण कानानं वेग शोधायची सवय लागायला तोच एक मार्ग आहे.

आलेख आखताना दाट, ठळक कड धरा. टोकाला जे विरळ केसांसारखे धागे दिसतात ते वेगात मोजू नका. आलेखाचा आकारही पाहा: आजार सौम्य असताना शिखर लवकर येतं, झडप खूप अरुंद झाली की ते मध्याकडे सरकतं आणि आलेख गोलसर होतो. शिखर अगदी उशिरा आणि खंजिरासारखं टोकदार आलं, तर अडथळा झडपेच्या खाली, जाड झालेल्या सेप्टमपाशीही (दोन खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीपाशी) असू शकतो.

नवख्यांची एक चूक फार महागात पडते. मायट्रल झडपेच्या गळतीची धार एऑर्टिक धारेला लागूनच असते आणि तिचा वेग ५-६ मीटर असतो. ती चुकून पकडली तर 'व्हेरी सिव्हिअर' असा रिपोर्ट जातो. ओळखायचं कसं? गळतीचा आलेख लवकर सुरू होतो आणि उशिरा संपतो, कारण एऑर्टिक झडप उघडण्याआधीपासून आणि मिटल्यानंतरही एलव्हीत दाब असतोच. ईसीजीसोबत दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून रुंदी ताडून पाहा.

नाडी नियमित असेल तर ३ ठोक्यांची सरासरी पुरते, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये निदान ५ ठोके घ्या. मधेच आलेल्या जादा ठोक्यानंतरचा ठोका सोडून द्या, तो नेहमी फुगलेला असतो.

एलव्हीओटी: दोन मिलिमीटरची गोष्ट

झडपेचं क्षेत्रफळ काढायला एलव्हीतून बाहेर पडणाऱ्या वाटेचा, म्हणजे एलव्हीओटीचा व्यास लागतो. जेवढं रक्त या वाटेतून जातं तेवढंच झडपेतून जातं, म्हणून वाटेचं क्षेत्रफळ गुणिले तिथला व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती सेंटीमीटर पुढं सरकतं), भागिले झडपेवरचा व्हीटीआय. गणित सोपं आहे, व्यास मोजणं मात्र अवघड.

पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस झूम करा. सिस्टोलच्या (हृदय आकुंचन पावण्याच्या) मध्यावर, पाकळ्या पूर्ण उघड्या असताना, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. जागा पाकळ्यांच्या मुळापाशी किंवा तिथून जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर एलव्हीकडे. पल्स डॉप्लरचा नमुना पाच कप्प्यांच्या दृश्यात घ्या: आधी झडपेत शिरा, वेग उसळलेला दिसेल, मग हळूहळू मागं या आणि आलेखाची कड बारीक आणि आतून मोकळी दिसली की थांबा.

आता हे करून बघा. व्यास २.० सेमी, तिथला व्हीटीआय २०, झडपेवरचा ९०. क्षेत्रफळ ३.१४, एका ठोक्याला ६३ मिली रक्त, झडप ०.७ चौ. सेमी. शरीराचं क्षेत्रफळ १.६ असेल तर दर चौरस मीटरला ३९ मिली, प्रवाह ठीक. त्याच रुग्णाचा व्यास १.८ मोजला तर? ५१ मिली, झडप ०.५७, आणि दर चौरस मीटरला ३२ मिली. ३५ च्या खाली गेलं की 'लो फ्लो' म्हणतात. कॅलिपर दोन मिलिमीटरनं सरकला आणि रुग्णाला नवं निदान चिकटलं! व्यासाबद्दल मनात शंका असेल तर नुसतं दोन व्हीटीआयंचं गुणोत्तर लिहा. त्यात व्यास येतच नाही, आणि ते ०.२५ पेक्षा कमी असेल तर झडप खूप अरुंद आहे.

ढोबळ पट्टी अशी: वेग ४ मीटर किंवा जास्त, सरासरी ग्रेडियंट ४० किंवा जास्त, क्षेत्रफळ १ चौ. सेमीपेक्षा कमी, म्हणजे सिव्हिअर. ३ ते ४ मीटर, २० ते ४० मिमी आणि १ ते १.५ चौ. सेमी म्हणजे मॉडरेट. निरोगी झडप ३ ते ४ चौ. सेमी उघडते.

आता मागं चला: एलव्ही

दाब वाढला की एलव्हीच्या भिंतीवर ताण येतो. भिंत जाड झाली की तोच ताण जास्त स्नायूवर वाटला जातो. म्हणजे जाड होणं ही हृदयाची सुरुवातीची तडजोड आहे. पुढं त्या जाड स्नायूला रक्त कमी पडायला लागतं, तो ताठर होतो आणि तंतूंच्या मधे चिवट ऊतक साठतं. झडप बदलल्यावर जाडी महिन्या-महिन्यांनी उतरते, पण चिवट ऊतकाची जी जागा झाली ती सहसा परत येत नाही. म्हणूनच हे वेळेत मोजायचं.

पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस, डायस्टोलचा (हृदय सैल होऊन भरण्याचा) शेवट, मायट्रल पाकळ्यांच्या टोकांच्या पातळीवर, एलव्हीच्या अक्षाला काटकोनात. सेप्टम, पोकळी, मागची भिंत. वयस्कर रुग्णांत सेप्टमचा वरचा भाग उंचवट्यासारखा पुढं आलेला असतो, त्यावर कॅलिपर ठेवू नका, थोडं खाली या. सेप्टमच्या उजव्या बाजूला चिकटलेले आरव्हीचे (उजव्या खालच्या कप्प्याचे) पट्टेही जाडीत धरू नका.

समजा एका बाईंचा सेप्टम १.३, पोकळी ४.४, मागची भिंत १.३ सेमी. तिन्हींची बेरीज ७.०, तिचा घन ३४३. पोकळीचा घन ८५. वजाबाकी २५८. तिला १.०४ नं आणि मग ०.८ नं गुणा, ०.६ मिळवा: साधारण २१५ ग्रॅम. शरीराचं क्षेत्रफळ १.६, म्हणजे दर चौरस मीटरला १३४ ग्रॅम. बायकांत ९५ आणि पुरुषांत ११५ च्या वर वस्तुमान वाढलेलं धरतात. मशीन हे गणित स्वतः करतं, पण एकदा हातानं केलंत तर कळेल की सगळं घनावर चालतं आणि एका मिलिमीटरची चूक किती ग्रॅमला पडते.

दुसरा आकडा म्हणजे सापेक्ष जाडी: मागच्या भिंतीची दुप्पट भागिले पोकळी. इथं २.६ भागिले ४.४, म्हणजे ०.५९. ०.४२ च्या वर म्हणजे कॉन्सेंट्रिक. वस्तुमानही वाढलं आहे, म्हणून या बाईंचं कॉन्सेंट्रिक हायपरट्रॉफी. वस्तुमान नॉर्मल आणि सापेक्ष जाडी वाढलेली असेल तर कॉन्सेंट्रिक रीमॉडेलिंग. वस्तुमान वाढलं, पण सापेक्ष जाडी ०.४२ च्या आत, तर एक्सेंट्रिक. रिपोर्टमध्ये नुसतं 'एलव्हीएच' लिहू नका, प्रकार लिहा.

ईएफवर भिस्त ठेवू नका

ईएफ, म्हणजे दर ठोक्याला एलव्हीतलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा, ६० टक्के वाचलं की सगळे निश्चिंत होतात. पण जाड भिंतीची, लहान पोकळीची एलव्ही डोळ्यांसमोर आणा. डायस्टोलच्या शेवटी त्यात मावतं ७० मिली. ६० टक्के बाहेर गेलं तर ते ४२ मिली. शरीराचं क्षेत्रफळ १.६ असेल तर दर चौरस मीटरला २६. ईएफ उत्तम आणि प्रवाह तुटपुंजा! अशा रुग्णांत झडप खरोखर अरुंद असूनही ग्रेडियंट ४० च्या खाली राहतो. ज्यांच्या बाबतीत निदान सगळ्यात जास्त निसटतं ते हेच लोक, आणि त्यांत लहान चणीच्या वयस्कर बायका पुष्कळ असतात.

ईएफ ५० च्या खाली गेली तर लक्षणं नसतानाही झडप बदलायचा सल्ला दिला जातो. पण तिथवर पोहोचेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून स्ट्रेन, म्हणजे स्नायू आकुंचनात किती टक्के आखूड होतो ते, मोजा. हृदयाचे उभे तंतू आतल्या थरात असतात आणि ताणाचा पहिला मार तेच खातात. चार, दोन आणि तीन कप्प्यांची दृश्यं, सेकंदाला ५० ते ८० फ्रेम, श्वास रोखून. निरोगी माणसात ग्लोबल स्ट्रेन उणे २० टक्क्यांच्या आसपास येतो. तो १५ च्या आत आला, तर ईएफ कितीही छान असो, रिपोर्टमध्ये ठळक लिहा. तळाचा भाग मंद आणि टोक मात्र छान आकुंचन पावतंय असं चित्र दिसलं, तर वयस्कर रुग्णांत अमायलॉइडची (स्नायूत विकृत प्रथिन साठण्याच्या आजाराची) शंका घ्या. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.

एलए, फुप्फुसं आणि उजवी बाजू

ताठर एलव्हीत रक्त भरायला एलएला जोर लावावा लागतो आणि तो फुगत जातो. त्याचं आकारमान दोन दृश्यांतून, मायट्रल उघडण्याच्या आधीच्या फ्रेमवर मोजा. अपेंडेज (एलएला जोडलेली छोटी पिशवी) आणि फुप्फुसांच्या शिरा बाहेर ठेवा. दर चौरस मीटरला ३४ मिलीच्या वर म्हणजे वाढलेला. सोबत ई बाय ई प्राइम (मायट्रलमधून रक्त आत येण्याचा वेग भागिले मायट्रलच्या कड्याचा वेग) घ्या: सरासरी १४ च्या वर असेल तर भरतीचा दाब वाढलाय. मात्र मायट्रलच्या कड्यात चुना साठलेला असेल तर ई प्राइम खोटा कमी येतो. या रुग्णांत तो चुना हमखास भेटतो, तेव्हा त्या एका आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

मायट्रलची गळती किती आहे ते पाहा. मग ट्रायकस्पिडच्या (उजव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) गळतीचा वेग: ३.६ मीटर असेल तर ५२ मिमी, त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा दाब मिळवायचा. आयव्हीसी (खालची महाशिरा) २.१ सेमीच्या आत असेल आणि हुंगताना निम्म्याहून जास्त मिटत असेल तर ३, रुंद आणि न मिटणारी असेल तर १५, मधलं काही असेल तर ८. इथं ८ धरले तर ६० मिमी. शेवटी आरव्ही: टॅप्सी (ट्रायकस्पिडचं कडं आकुंचनात किती सरकतं) १७ मिमीच्या खाली किंवा एस प्राइम (त्या सरकण्याचा वेग) सेकंदाला ९.५ सेमीच्या खाली म्हणजे आरव्ही थकला आहे.

टप्पा ठरवा

२०१७ साली फिलिप जेनेरू आणि सहकाऱ्यांनी याच वाटेचे पाच टप्पे मांडले. शून्य: मागं काहीच इजा नाही. १: एलव्हीला इजा. २: एलए मोठा, एट्रियल फिब्रिलेशन, किंवा मायट्रलची मध्यम ते तीव्र गळती. ३: फुप्फुसांतला दाब ६० किंवा जास्त, किंवा ट्रायकस्पिडची तशीच गळती. ४: आरव्ही कमकुवत. झडप बदललेल्या रुग्णांत एका वर्षातले मृत्यू शून्य टप्प्यात ४.४ टक्के होते, चौथ्यात २४.५. या सगळ्यांची झडप बदललीच होती. फरक होता तो बदलण्याआधी इजा किती मागं पोहोचली होती याचा.

टप्पा लावताना एक जपा. एलए मोठा असायला जुना रक्तदाब कारण असू शकतो, ट्रायकस्पिडची गळती फुप्फुसांच्या आजारामुळे असू शकते. इको इजा दाखवतो, ती कुणी केली हे रुग्णाच्या इतिहासावरून ठरवावं लागतं.

आकडे जुळत नसतील तर

क्षेत्रफळ १ च्या खाली, पण ग्रेडियंट ४० च्या आत. आधी स्वतःची मापं तपासा: एलव्हीओटी लहान मोजलाय का, उजवी खिडकी बघितली का, रक्तदाब किती होता. सगळं बरोबर असेल आणि ईएफ कमी असेल तर कमी मात्रेतली डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) चाचणी करतात, मिनिटाला दर किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत, अनुभवी डॉक्टर शेजारी असताना. प्रवाह वाढल्यावर वेग ४ ला पोहोचला आणि क्षेत्रफळ १ च्या आतच राहिलं तर झडप खरी अरुंद. क्षेत्रफळ १ च्या पुढं उघडलं तर दोष स्नायूचा. प्रवाह २० टक्केही वाढला नाही, किंवा ईएफ मुळातच चांगली असेल, तर सीटीवर चुना मोजायचा: बायकांत १२०० आणि पुरुषांत २००० युनिटच्या वर असेल तर झडप सिव्हिअर असण्याची शक्यता मोठी.

रिपोर्टमध्ये काय जायला हवं

वेग कुठल्या खिडकीतून मिळाला ते लिहा. एलव्हीओटीचा व्यास लिहा. रक्तदाब आणि नाडीची लय लिहा. वर्षाला सरासरी ०.३ मीटरनं वेग वाढतो, म्हणजे पुढची तुलना बारीक फरकांची असणार आहे. सौम्य आजारात ती ३ ते ५ वर्षांनी होईल, मॉडरेटमध्ये १ ते २ वर्षांनी, सिव्हिअरमध्ये ६ ते १२ महिन्यांनी, आणि त्या दिवशी प्रोब बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल. मागच्या वेळी ४.१ एपेक्सवरून घेतला होता की उजवीकडून, हे त्याला कळलं नाही तर आजचा ४.५ खरा वाढलेला आहे की आधीच तेवढा होता, हे तो सांगू शकणार नाही.